मधलं नाव

माघात मास्तरांच्या कुमुदचं लग्न झालं.

त्याआधी छप्पनच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं होतं. नागपूर मुंबईकडे गेलं, आमचं बुऱ्हाणपूर भोपाळकडे. शाळेत हिंदी वाढली; पण इंग्रजी शिकवणारे आमचे मास्तर वेगळ्याच मुलखात असत. धड्यात परकं नाव आलं की खडू तळहातावर घोळवत विचारायचे, "हा कोणाचा?"

जॉन्सन जॉनचा. रशियातला इवानोविच इवानचा. स्कॉटलंडातला मॅकडोनाल्ड डोनाल्डचा. "आपण आणि रशियन बापाला मधे बसवतो, बाकीचे शेवटी बसवतात. एवढाच फरक."

हिंदीचे गुरुजी दारातून डोकावत. "क्यों मास्साब, फिर निकल गए विलायत?"

"निकल गया. आप भी चलो."

मी त्यांचा शाळेतला सोबती शिक्षक आणि लोधीपुऱ्यातला शेजारी. संध्याकाळी आम्ही तापीच्या घाटावर बसत असू. पाणी हलतंय की नाही कळू नये, पलीकडचा काठ धुरात विरघळलेला. अशा वेळी ते आइसलंडबद्दल बोलत, जणू तिथून कालच परतलेत. "तिथे मुलगी अमक्याची मुलगी म्हणूनच ओळखली जाते. लग्न झालं तरी तीच." त्यांची पत्नी केव्हाच गेलेली, कुमुदखेरीज दुसरं मूल नाही. आपल्याकडे लग्नात मुलीच्या नावातून बाप जातो, हे तुम्हीही पाहिलंय; पुष्कळदा तिचं स्वतःचं नावही जातं.

नवरदेव इच्छापूरच्या पुढचा. नाव ठेवायला तांदळाचं ताट आलं, तेव्हा मास्तर खाली वाकून म्हणाले, "जावईबापू, मधे तुमचं घ्या. पण कुमुद राहू द्या."

नवरदेवाची आत्या हसली. "मुलगी दिली ना मास्तर? मग नाव काहून ठेवून घेता?"

अंगठीनं तांदळात 'सुनंदा' उमटलं. मास्तरांनी मान तुकवली.

मग बायकांनी नवरीला घेरलं. "नाव घे गं!"

तिनं घेतलं. वडिलांचं, आडनावासकट.

मांडवभर हशा. "अगं येडे, बापाचं नाही, नवऱ्याचं!"

"ते तर आता रोज लागणारच आहे," ती म्हणाली.

मास्तर पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला ती आली होती. सासरची माणसं सुनंदा म्हणून हाक मारत होती, ती ओ देत होती.

बुऱ्हाणपुरात तिला कुमुद म्हणणारा आता मी एकटा आहे.