चौकोन, बाण आणि शेगावचे लॉजवाले

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. सॉफ्टवेअर निदान डिलीट तरी करता येतं. किस्से सांगावे तसे फुगत जातात, आणि सांगणारा मी असलो की जरा जास्तच!

आम्ही तिघं. चित्रं काढणारा विलास, कोड लिहिणाऱ्या उज्ज्वलाताई आणि नुसता बोलणारा मी. काम शेगावच्या लॉजवाल्यांचं. एका लॉजमध्ये खोली नसली, की आमचा मधला प्रोग्राम बाकीच्या लॉजच्या कॉम्प्युटरना विचारून ती शोधून देणार. लॉजवाले हो म्हणाले तर ऑफिस राहणार, नाहीतर तिघांनी पुण्याची गाडी धरायची.

*

कोण कोणाशी बोलतं, हे विलास चौकोन आणि बाण काढून दाखवतो. भरीव टोकाचा बाण म्हणजे निरोप देऊन उत्तर येईपर्यंत थांबायचं. उघड्या टोकाचा म्हणजे निरोप टाकून आपल्या कामाला लागायचं. हे तो घरीही शिकवतो.

एके दिवशी वहिनींनी त्याला विचारलं, भाजी कशाची करू? हा मान हलवून ऑफिसला आला. थोड्या वेळाने मला फोन. "भाऊजी, त्याईले सांगा, माझा बाण भरीव होता. मी अजून गॅसपाशी उभीच आहो."

*

डेटाबेस दाखवायला विलास पिंप काढतो, चित्राच्या तळाशी. एका लॉजचे मॅनेजर ते बघून काळजीत पडले.

"टाकी खाली काऊन ठेवली? तिसऱ्या मजल्यावर पाणी कसं चढीन?"

विलासने वाद न घालता पिंप वर नेलं. तेव्हापासून आमच्या सगळ्या चित्रांत डेटा गच्चीवर असतो.

*

एकदा चित्रावरच कचोरी ठेवून खाल्ली. तेलाचा गोल डाग पडला आणि एक बाण नेमका त्याला जाऊन भिडला. उज्ज्वलाताईंनी त्या डागाचाही कोड लिहून टाकला. चूक कळल्यावर काढायला गेलो, तर अख्खी सिस्टीम बंद! डाग अजून चालू आहे.

*

मग लॉजवाल्यांची मीटिंग आली. बोर्डावर मधोमध आमच्या प्रोग्रामचा ऐसपैस चौकोन, भोवती लॉजचे छोटे छोटे. सगळ्यात जुन्या लॉजचे मालक दादासाहेब. ते हो म्हणाले की बाकीचे म्हणणार. त्यांनी आपला चौकोन शोधला, मग शेजाऱ्याचा बघितला.

"माझ्या लॉजले लिफ्ट हाय. हा अन् मी सारखेच काय बे?"

विलासने त्यांचा चौकोन वाढवला. लगेच शेजारी उठले. त्यांच्याकडे एसी खोल्या होत्या. त्यांचाही वाढवला. तिसऱ्याचं पार्किंग मोठं, चौथ्याचं स्टेशन जवळ. एकेकाचा मान राखता राखता बोर्ड भरला, आणि आमचा चौकोन आकसत तुरीच्या दाण्याएवढा उरला.

दादासाहेब बोर्डाजवळ आले. चष्मा वर करून त्यांनी सगळं नीट बघितलं. विलास मार्करचं टोपण चावत होता.

"आता जमलं. आपल्याले मंजूर हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उज्ज्वलाताईंनी डोळे मिटून हात जोडले.

"फक्त हे मधात माशीवानी काय बसून राह्यलं?" म्हणत दादासाहेबांनी अंगठ्याने तो दाणा पुसून टाकला.