दुसरा हात पुढे

माझ्या नणंदेच्या, कुंदावन्संच्या, हाताला खाज होती. हे मी मागून नव्हे, त्यांच्या तोंडावर बोलले आहे. घाटकोपरच्या एका शाळेत त्या तिसरीला शिकवत आणि निरगुडीची फोक तेल लावून ठेवत. मारताना त्यांना बोलावं लागत नसे. हनुवटी वर केली की पोरानं उजवा हात पुढे करायचा. छडी बसली की हनुवटी डावीकडे उडवायची, म्हणजे दुसरा हात पुढे. आयाबाया कौतुकानं म्हणत, कुंदाबाईंच्या हाताखाली गाढवसुद्धा पाढे म्हणेल.

त्रेपन्न साली वर्गात मधुकर नावाचा मुलगा होता. बाप दशरथ गिरणीत कामाला, माणसं मालवणकडची. हा मधुकर हाक मारली तरी मान वळवायचा नाही. "बहिरा आहेस का रे?" असं ओरडून वन्सं त्याला झोडपायच्या. वर्षभर हेच चाललं होतं. एक दिवस त्यांनी अशी कानशिलात भडकावली की पोराच्या कानातून रक्त आलं आणि सदऱ्याची कॉलर भिजली.

डॉक्टरांकडे दशरथही गेला आणि वन्संही गेल्या. वन्सं भांडायलाच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "हा जन्मापासून बहिरा आहे. एका कानानं थोडं ऐकू येत असणार, तेही आता संपलं."

"मला माहीत नव्हतं," वन्सं म्हणाल्या.

दशरथानं हात उगारला नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "मगे बाईनु, वरसभर माझो झील कित्याक मार खाय होतो?"

त्या दिवशी वन्संनी फोक मोडून चुलीत घातली आणि राजीनामा दिला. मी काही साधी नव्हे, मीही टोमणा मारला, "आता पश्चात्तापावर चूल पेटणार का, वन्सं?" त्या वर्षभर शहरात जाऊन मुक्याबहिऱ्यांना शिकवायचं कसं ते शिकून आल्या आणि आमच्याच गॅलरीत वर्ग काढला. सहा मुलं आली. पाच जण कुठल्या ना कुठल्या शाळेतून मार खाऊन हाकललेले, आणि सहावा मधुकर. दशरथानं त्याला का पाठवलं, तर दुसरं कोणी घेतच नव्हतं.

धड्याची रीत अशी होती, की मुलानं आपला पंजा वन्संच्या गळ्यावर ठेवायचा, त्यांनी शब्द उच्चारायचा, आणि गळ्यातली थरथर हाताला कळली की मुलानं तसाच आवाज काढून बघायचा. त्या वर्गात छडी नव्हती, पट्टी नव्हती. मुलांदेखत मी लाटणंसुद्धा उगारायचं नाही असा हुकूम होता. "ह्या पोरांना माझ्या हातात पुन्हा काठी दिसली, तर त्या दिवशी वर्ग बंद," असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं.

सत्तावन्न सालच्या थंडीत वन्संनी मुलांना मुलुंडला म्युझियम दाखवायला न्यायचं ठरवलं. तिथल्या एका शेटजींनी आपल्या बंगल्यात जुन्या मूर्ती आणि हत्यारं मांडली होती. पण म्युझियम म्हणजे काय हे बहिऱ्या पोरांना सांगणार कसं? वन्संनी पाटीवर गणपती काढला, देवी काढली, आगगाडी काढली. पोरं खूश झाली. मधुकरनं घरी जाऊन आईला खुणेनं सांगितलं, देवाला जायचंय. आईनं पिशवीत नारळ घातला. ती पिशवी आम्ही कोणी उघडून पाहिली नाही.

वन्सं हत्यारांच्या दालनात पाच मुलांना तलवारी दाखवत होत्या. मी दारात उभी होते. मधुकर बाहेरच्या दगडी गणपतीपुढे थांबला. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, आणि नारळ काढून चौथऱ्यावर दाणकन आपटला.

मागून दरवान धावला. गुणाजी नाव त्याचं, आडदांड माणूस. "अरे ए! बहिरो आसस काय रे?" असं ओरडला आणि काठी पोराच्या पाठीत घातली. मधुकर तोंडावर पडला. चौथऱ्याच्या कडेवर त्याचा दात तुटला. गुणाजीनं वर आणखी एक हाणली.

वन्सं माझ्या अंगावरून बाहेर आल्या. त्यांनी काठी कशी हिसकली ते मला दिसलंच नाही. त्या गुणाजीला मारत सुटल्या, खांद्यावर, मनगटावर, गुडघ्यावर. "बहिराच आहे तो! बहिराच आहे, मेल्या!" हाड वाजल्याचं मी ऐकलं. गुणाजी डोकं झाकून खाली बसला. "माका काय म्हायत, बाईनु!" तो रडत होता आणि त्या मारत होत्या. मी अडवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मग वन्सं थांबल्या, कारण त्यांना मुलं दिसली.

सहाही जण भिंतीशी रांगेत उभे होते. सहाही जणांनी उजवा हात पुढे केला होता. दोघांनी डोळे घट्ट मिटले होते. रांगेत पहिला मधुकर होता, आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं.

वन्संचा हात अजून वरच होता. तो त्यांनी खाली आणला, मधुकरच्या पुढ्यात गेल्या, काठी त्याच्या हातात दिली आणि आपला उजवा तळहात पसरला. मला वाटलं, पोर काठी टाकून बिलगेल.

त्यानं मारली. बारा वर्षांच्या पोराच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मारली. मग बाहीनं तोंड पुसलं आणि हनुवटी डावीकडे उडवली. हुबेहूब वन्संसारखी.

वन्संनी दुसरा हात पुढे केला.

नंतर त्यानं काठी टाकून खोबरं गोळा केलं आणि प्रसाद वाटला. मला दिला, मुलांना दिला, कण्हत बसलेल्या गुणाजीलाही दिला. वन्संना दिला नाही.

सोमवारी गॅलरीचं दार वन्संनी लावून घेतलं. दोन्ही हात सुजलेले. "बोलले होते ना, वर्ग बंद," असं म्हणून त्या आत बसून राहिल्या. नेहमीच्या वेळेला दार वाजलं. मी उघडलं, तर मधुकर आत शिरला, वन्संसमोर मांडी घालून बसला आणि उजवा हात पुढे केला. वन्सं दचकून मागे सरल्या. त्यानं पंजा त्यांच्या गळ्यावर ठेवला आणि शब्दाची वाट बघत राहिला.

वन्संच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना रडू आलं, आणि तेही त्याला हातालाच कळलं.