धसकटावरचा सराव

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी नागपूरच्या क्लबात एका कापड व्यापाऱ्याला गोल्फची काठी कशी धरायची ते दाखवत होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे बातमी कसली ते वाचण्याआधीच कळलं. कोणाची, एवढंच पाहायचं राहिलं. सौंदडचा माझा मित्र सदाशिव कावीळ होऊन गेला होता. मी कार्ड खिशात ठेवलं आणि व्यापाऱ्याला म्हणालो, "डोकं वर करू नका, चेंडूकडे बघा." पुढचा पाऊण तास मी हेच म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. 'आता ते कोणाला कळणार नाही,' असं आलं... हे लिहायला घेण्यात पाच आठवडे गेले ते त्यामुळे. कळावं म्हणूनच आता लिहितो आहे.

गोंदियाबाहेरच्या मुरमाड पडीत एका कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी सहा भोकांचं गोल्फचं मैदान केलं होतं. गवत नावालाच. जमीन एवढी टणक की चेंडू पडला की खट्ट आवाज यायचा. मी तिथल्या क्लबात कारकून होतो आणि सदाशिव मैदानावर मजूर. भोकाभोवतीची वाळू सारखी करायची, ती उडू नये म्हणून तिच्यावर तेल शिंपडायचं, ही त्याची कामं. साहेब खेळून गेले की उरलेल्या उजेडात त्यांच्या टाकून दिलेल्या काठ्या घेऊन आम्ही दोघे खेळायचो. मी वहीत टिपून ठेवायचो, पाय कुठे, कोपर कुठे. सदाशिव नुसता बघायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच मारायचा. त्याच्या काठीचा आवाजच वेगळा होता, सुकी फांदी एका दमात मोडावी तसा. पाठ वळवून उभा असलो तरी मला तो ओळखू यायचा. त्या आवाजाचा मला इतका हेवा वाटायचा की तो मारायला उभा राहिला की मी मुद्दाम काहीतरी बोलायला सुरुवात करायचो.

स्वातंत्र्य आलं, साहेब निघाले. ज्या साहेबाचा हिशेब मी सहा वर्षं सांभाळला त्याने जाताना मला शिफारसपत्र दिलं. आपल्या काठ्यांची पिशवी आणि चेंडूंचा डबा मात्र सदाशिवला दिला. ते पत्र मी आजवर कोणाला दाखवलेलं नाही.

क्लबाचा कारभार आटला, मजूर कमी केले. मी राहिलो, सदाशिव सौंदडला घरच्या धानाच्या शेतीवर परतला. दुसऱ्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा धान कापून झालं होतं आणि बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी आखलेले ते शेताचे तुकडे म्हणजे त्याची मोजपट्टीच होती. चेंडू किती लांब गेला ते तो बांध्यांत मोजायचा. घराजवळच्या बांधीत उभं राहून तो एकामागून एक चेंडू मारी आणि त्याची बायको, कौसल्यावहिनी, लांबच्या धुऱ्यावर टोपली घेऊन उभी असे.

"सहा!" ती ओरडली.

"सात व्हय ना वं! नीट पाह्य."

"धुऱ्याले लागून इकडंच पडला. लबाडी नोका करू, पाहुने पाहून राह्यले."

रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबून हसत होते. माझ्या घरी गोल्फचं नाव काढलं की बायको पाठ फिरवायची. इथे मात्र एक बाई भर उन्हात नवऱ्याच्या चेंडूंचा हिशेब ठेवत होती... मला जेवण गोड लागलं नाही.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. कापलेल्या धानाच्या धसकटावर चेंडू जमिनीपासून बोटभर वर राहत होता. सदाशिवचा हात नकळत त्या उंचीला बसला होता. काठीचं पातं जमिनीला न शिवता चेंडू अलगद उचलून न्यायचं. मुरमाच्या मैदानावर चेंडूखाली तेवढी जागा नसते. तिथे असा हात फिरवला तर पातं चेंडूच्या डोक्याला लागणार आणि चेंडू घरंगळत जाणार. आता शिकवणं हाच माझा धंदा आहे, पण तेव्हाही हे मला पहिल्या दहा चेंडूंत कळलं होतं. मी बोललो नाही. त्या वेळी न बोलण्यात काही बिघडतही नव्हतं.

बिघडलं ते पुढच्या हिवाळ्यात. नागपूरच्या क्लबाला खेळ शिकवणारा माणूस हवा होता. राहायला खोल्या, कायमची नोकरी. आमच्या जुन्या क्लबाने दोन नावं कळवली, सदाशिवचं आणि माझं. नागपूरचे सेक्रेटरी महिन्याभरात गोंदियाला येऊन दोघांना मैदानावर खेळवून बघणार होते. हे सांगायला मीच सौंदडला गेलो. सदाशिवने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माधो, तिकडं येऊन आठ दिवस मैदानावर खेरू का बे? का इथंच मारत राहू?"

मैदानाची किल्ली माझ्याकडे होती. माझ्या घरी पथारीपुरती जागाही होती. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या वहीवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी म्हणालो, "कायले येतं? इथंच मार. हात बसला आहे तो मोडू नको. मैदान काही पळून जात नाही."

"मीबी तेच म्हनून राह्यलो," तो म्हणाला आणि दुसरा चेंडू ठेवला.

घरी आल्यावर मी रोज सकाळी मैदानावर जाऊन एकटा खेळत होतो, हेही लिहिलं पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी सदाशिव धुतलेलं धोतर नेसून पहिल्या गाडीने आला. त्याचा पहिला चेंडू फुटभरही उचलला गेला नाही. मुरमावरून सरपटत जाऊन खड्ड्यात थांबला. दुसराही तसाच. सेक्रेटरी हिंदीत हसून म्हणाले, "अरे भाई, गेंद है, चूहा नहीं." सगळे हसले... मीही हसलो. तिसऱ्या भोकापर्यंत सदाशिव प्रत्येक फटक्याआधी काठीचं पातं उलटसुलट करून बघायला लागला होता. मी नेहमीसारखा बरा खेळलो. बरं खेळणं त्या दिवशी पुरेसं होतं.

स्टेशनपर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेलो. गाडी लागल्यावर तो म्हणाला, "दोन वर्सं मारले बे मी. रोज. तं हे काय झालं?"

"नशीब," मी म्हणालो.

त्यानंतर तो सामना म्हणून कधी खेळला नाही. मी नागपूरला आलो. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तो दर वर्षी घरचा सुवासिक चिन्नोर तांदूळ धाडायचा. मी सौंदडला पुन्हा गेलो तो थेट त्याच्या तेरवीला.

पंगती उठल्यावर कौसल्यावहिनी म्हणाली, "माधोभाऊ, चला. तुमाले एक दाखवाचा हाय." तिच्यामागून मी शेतात गेलो. चहूकडे धसकटं उभी होती आणि मधल्या एका बांधीत धसकट नव्हतं, मातीही नव्हती. मुरूम आणून टाकलेला, ठोकून ठोकून बसवलेला, वरून झाडलेला. गोंदियाच्या मैदानाचा एक तुकडा कापून आणावा तसा.

"तुमची थे परीक्षा झाली ना, त्या दिवशी घरी आले," ती म्हणाली. "जेवले नाही. चेंडू धसकटावर ठेवला न् खाली बोट घालून पाह्यला. म्हने, 'एवढा वर रायते.' मंग म्हने, 'माधोले माहीत होता.'"

मी धुऱ्यावर बसलो. एवढी वर्षं जे सांगायचं टाळलं ते या घरात पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. "आणखी काय म्हणाला?"

"म्हने, 'असू दे. थो लोकायले चांगला सिकवन. मले काई सिकवाले जमत नाही.' दुसऱ्या सालापासून बैलगाडीनं मुरूम आनला. दहा वर्सं रोज सकारी इथं मारले. मी इचारो, कोनासाठी मारता? तं हसत."

"वहिनी, मी..."

"त्यायनं माफ केला तुमाले," ती मध्येच म्हणाली. "मी नाही केला. तांदूळ त्यायनं धाडला. मी नाही."

नागपुरात नवीन माणूस आला की हमखास विचारतो, एका जागी उभं राहून रोज शंभर चेंडू मारण्यात काही अर्थ आहे का? मी सांगतो, पायाखालची जमीन जशी, तसाच हात बसतो. तेव्हा जमीन बघून सराव करा. उत्तर बरोबर आहे. एका माणसाला ते मी वेळेवर दिलं नाही, म्हणून ते मला पक्कं माहीत आहे. पण त्या बांधीत उभं राहिल्यावर ते अपुरं वाटलं. नोकरी लागल्यापासून कोणी बघत नसताना मी एकही चेंडू मारलेला नाही. त्याने दहा वर्षं मारले. मेलेल्या माणसाचा हेवा करतो हे लिहिताना लाज वाटते, पण हेवाच वाटला.

मुरमात मधोमध दोन खोलगट खुणा होत्या, पावलांच्या. मी त्यांत उभा राहून बघितलं. माझे पाय तेवढ्या अंतराला पुरले नाहीत; सदाशिव पाय फार फाकवून उभा राहायचा. तसं उभं राहू नका, असं मी रोज लोकांना सांगतो.

"औंदा या बांधीत धानाचा रोवना करीन," वहिनी म्हणाली. "दहा वर्सं पडीक राह्यली. लोकं हासतात."

"मुरूम काढायला मी येतो," मी म्हणालो.

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "या. कुदर तुमची तुमी आना."

मृग लागायच्या आधी मुरूम निघायला हवा. मी रजा टाकली आहे, कुदळही घेतली आहे. त्या दोन खुणांवर पहिला घाव कोणी घालायचा, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही.