ठकुबाईनं दिलेली कबुली

आंबवड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं ठकुबाईला सगळे हडळ म्हणत. बाई जिवंत होती, चुलीवर भाकरी भाजून खात होती, शेणी थापत होती, तरी हडळ. मी शेजारच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, तिच्या वाऱ्याला उभी राहू नकोस.

हे सुरू झालं १९२४ साली, तिच्या पहिल्या बाळंतपणात. तिचे हातपाय, तोंड, सगळं सुजलं. तिची सासू अंबूबाई खूश. ‘‘सून कशी अंगानं भरलीया,’’ म्हणून चारचौघींत मिरवायची. ठकुबाई म्हणाली, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते. त्यावर कामचुकार म्हणून बोलणी खाल्ली. कळा सुरू झाल्या आणि तिला झटके आले, डोळे फिरले, दातखीळ बसली. मुलगी झाली आणि आई निपचित पडली. श्वास बघायची अक्कल कुणाला नव्हती. मेली म्हणून तिला आंघोळ घातली, मळवट भरला. बाळंतीण मेली तर हडळ होऊन परत येते, म्हणून तिच्या पायांत खिळे ठोकायची आमच्याकडं रीत. सोनबा लोहारानं उजव्या तळव्यात खिळा ठोकला, आणि ठकुबाई किंचाळत उठून बसली.

दुसरी कुठली माणसं असती तर त्यांनी देवापुढं नारळ फोडला असता. आमची माणसं उठून पळाली.

नवऱ्यानं, रखमाजीनं, लगेच दुसरी केली. मुलगी भामा सवतीच्या पदरात घातली. ठकुबाईला गोठ्यामागं खोपट दिलं. तिचे स्तन दुधानं ठणकत होते, आणि पोरीला शेळीचं दूध पाजत होते. तुझी आई मेली, खोपटात राहते ती हडळ, असं पोरीला शिकवलं. ठकुबाई लंगडत कुंपणापर्यंत यायची, पोरीला डोळे भरून बघायची. पोर तिला दगड मारायची. आज म्हातारी झाले, तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

भामा सतराव्या वर्षी उत्रोलीला दिली आणि वर्षभरात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा सरत आला होता. पाणवठ्यावर ठकुबाईनं तिचे पाय बघितले, सुजून टम्म झालेले. ती तशीच रखमाजीच्या दारात गेली. ‘‘पोरीला भोरला दवाखान्यात न्या. माझं झालं त्येच हिचं हुतंया.’’ रखमाजीनं तिच्यावर कुत्रं सोडलं.

दोनच दिवसांत भामाला झटके आले. देवऋषी गेनबाला बोलावलं. त्यानं लिंबाचा पाला फिरवला आणि सांगितलं, हडळीनं धरलंय. मग काय, ठकुबाईला केसाला धरून फरफटत आणली.

‘‘बोल, का धरलंस?’’ गेनबानं फोक उगारला.

‘‘आजार हाय ह्यो. दवाखान्यात न्या,’’ ती म्हणाली. फोक पाठीवर बसला. ती पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा बसला. पोर तिच्यासमोर तोंडाला फेस येऊन तडफडत होती.

मग ठकुबाईनं केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली.

‘‘व्हय, म्याच धरलंय. सोडीन, पर हितं न्हाई. भोरच्या दवाखान्याची पायरी चढली की सोडीन. हितं ठिवलीत तर हिला नेईन, मागनं तुमा समद्यास्नी.’’

लगेच बांबूला झोळी बांधली. पोरीसाठी जी माणसं उंबरा ओलांडत नव्हती, ती हडळीच्या भीतीनं भोरपर्यंत पळत गेली.

डॉक्टरनं सुया टोचल्या, अंधाऱ्या खोलीत ठेवलं. भामा वाचली. मूल मेलेलं जन्मलं. मुलगा होता.

महिन्यानं भामा परत आली. ठकुबाई वाटेवर उभी होती. भामा सरळ तिच्याकडं चालत आली, जन्मात पहिल्यांदा इतकी जवळ. वेड्या बाईनं हात पुढं केले.

‘‘माझं लेकरू खाल्लंस,’’ म्हणत भामा तिच्या तोंडावर थुंकली आणि निघून गेली.

मला राहवलं नाही. म्हणाले, ‘‘मावशी, आता तरी तिला खरं काय ते सांग.’’

तिनं पदरानं तोंड पुसलं.

‘‘सांगितलं तर फुडल्या खेपंला तिला भोरला कोण नेईल?’’