ठेवायला दिलेल्या वस्तू

कर्जतच्या आमच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच सकाळी दोन दणकट पुरुष मागच्या संग्रहालयातून दगडी जातं उचलून टेंपोत घालताना दिसले. मी दार अडवून आरडाओरडा केला. आतून ग्रंथपाल शालिनीताई पदर खोचत आल्या आणि चोरांना सोडून मलाच ओरडल्या, "बाजूला हो गं! त्यांचंच जातं हाय. घरात लगीन निघालंय, हळद दळायची नाय का?"

ही ताईंची पद्धत होती. इमारत जुनी, काळ्या दगडाची. पुढच्या दालनात पुस्तकं आणि मागच्या खोल्यांत आसपासच्या गावांतून आणलेल्या वस्तू, बहुतेक ताईंनीच दारोदार फिरून मिळवलेल्या. 'देणगी' हा शब्द त्यांना खपत नसे. "लोकांनी ठेवायला दिल्यात. आपण राखण करायची," असं म्हणत. ज्या घरची वस्तू, त्या घरात कार्य निघालं की ती चार दिवस माहेरपणाला जायची. परत येताना जात्याला हळद लागलेली असायची आणि सोबत ताईंसाठी बुंदीचे लाडू. मी एकदा ती हळद पुसायला फडकं घेतलं तर म्हणाल्या, "राहू दे. नुसता दगड बघायला कोण येतंय?"

लाडू सोडले तर ताईंच्या वाट्याला गोड असं फारसं काही येत नसे, कारण पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला, मग तो सरपंच असला तरी, त्या सगळ्यांदेखत झापायच्या.

पावसाळ्यात मात्र त्यांचा चेहरा बघवत नसे. छप्पर गळायचं, पुस्तकं फुगायची, लाकडी नांगरांना बुरशी धरायची. नवी इमारत हवी म्हणून त्यांनी किती उंबरठे झिजवले, त्याला गणती नाही. अखेर ग्रंथालय चालवणाऱ्या मंडळाला देणगीदार मिळाला. मुंबईचा आर्किटेक्टही भला निघाला. जुनी इमारत नवं छप्पर घालून तशीच ठेवून मागच्या पडक्या खोल्यांच्या जागी काच आणि पोलादाचं दालन जोडायचं त्यानं ठरवलं. चित्र बघून ताई हरखल्या. "नवी सून जुन्या घरात शोभंल गं!"

देणगीदाराची अट एकच होती. वस्तूंचा विमा उतरवायचा, त्यामुळे एकही वस्तू बाहेर जाणार नाही.  मंडळाच्या बैठकीत ताईंनीच होकार दिला. "आधी छप्पर. वस्तू वाचल्या तर पुढचं बघू," म्हणाल्या.

दालन खरंच देखणं झालं. पहिल्या पावसात एक थेंब गळला नाही, तेव्हा ताई मधोमध खुर्ची टाकून नुसत्या बसून राहिल्या होत्या. पण तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि लोधिवलीहून जनाबाई आली. तिच्या नातीचं लग्न होतं. काचेतल्या जात्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "ताई, आमचंच हाय ना?"

"तुमचंच हाय. पन आता देता येत नाय."

जनाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतली पुडी काढली, काचेपुढच्या फरशीवर चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. "दळू मिक्सरात," एवढंच म्हणाली आणि गेली.

ताईंनी मंडळाकडे खेटे घातले, जात्यांपुरती तरी सवलत मागितली. मंडळाचंही चुकत नव्हतं. होकार ताईंचाच होता. हळूहळू गावांतून कुणी मागायला येईना, की नवं काही ठेवायला आणीना. येत ते पर्यटक, काचेपुढे फोटो काढून जात. ताई त्या दालनात पाऊल टाकेनाशा झाल्या. मला त्या काचेचा फार राग यायचा, आणि सुकी पुस्तकं हातात घेतली की तो राग कुणावर काढावा तेच कळायचं नाही.

पुढे ताई आजारी पडल्या आणि कुंभिवलीच्या घरी अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या सासूबाईंचा तांब्याचा गडू संग्रहालयात होता. त्या घरातल्या जाणाऱ्या माणसाला त्याच गडूनं गंगेचं पाणी पाजायची रीत होती. ताईंच्या मुलानं मला ओसरीवर बोलावून हळूच विचारलं, "गडू मिळंल का हो?" मी तिथूनच मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. "ताईंसाठी कसला नियम? लगेच घेऊन जा," ते म्हणाले. 

आतल्या खोलीत ताईंच्या कानावर ते गेलंच. त्यांनी मुलाला हाक मारली.

"नको रं. जनाबाईला नाय म्हटलंय मी. माझ्यासाठी काच उघडायची नाय."

त्यानं खूप विनवलं, मीही विनवलं. ताईंनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मुलानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं ते स्टीलच्या वाटीनं.