भासऱ्यांची मॅटिनी

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सिनेमा पाहावा तो आमच्या भासऱ्यांनीच. बाकीचे लोक नुसते तिकीट काढून पडद्याकडे तोंड करून बसतात. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पुण्याकडच्या बाया त्यांना मोठे दीर म्हणतात आणि त्यांच्यासोबत बसून चहासुद्धा पितात, असं ऐकून आहे. आमच्याकडे भासरे म्हणजे वाऱ्यासारखी गोष्ट. चाहूल लागते, पण समोर उभं राहून पाहायचं नसतं. ते अंगणात आले की डोक्यावरचा पदर पुढे, ते खोलीत बसले की आपण बाहेर, आणि बोलायचंच झालं तर मधे एखादं माणूस हवं. अशा माणसासोबत मी अर्धा जन्म एका घरात काढला. त्यांचा चेहरा कसा होता विचाराल तर मला लग्नाचा फोटो काढून बघावा लागेल, पण त्यांची पाठ मी कापसाच्या बाजारातल्या गर्दीतही ओळखली असती.

राळेगावच्या टॉकीजला नवा सिनेमा लागला, की ही पाठ सकाळपासून उत्साहात दिसायची. एरवी विहिरीवर दोन तांबे अंगावर ओतून मोकळा होणारा माणूस त्या दिवशी साबणानं आंघोळ करायचा. धुतलेलं धोतर, कानात हिन्याच्या अत्तराचा फाया, खांद्यावर भलामोठा दुपट्टा. साडेतीनच्या खेळासाठी सकाळची एसटी. तिकिटाच्या खिडकीपुढे कुत्रंही नसलं तरी हे लाइनीत उभे राहायचे, म्हणजे एकटेच, पण लाइनीत असल्यासारखे, हात मागे बांधून. आत काही खायचं नाही. कोणी फुटाण्याची पुडी पुढे केली तर म्हणायचे, "देवळात कोणी फुटाणे खाते काय बावा?" त्यांच्या सोबतीला त्यांचा शाळेपासूनचा दोस्त असायचा, आमच्याच गावच्या बुद्धविहारामागं राहणारा. त्याला सगळं गाव शिट्टीवाले भाऊ म्हणे, कारण पडद्यावर काहीही घडो, लग्न घडो की खून, तो शिट्टी मारायचा. एवढंच नाही, इंटरवलच्या पाटीलाही मारायचा. दोघांची दोन वावरं शेजारी-शेजारी, कापूस एकाच दिवशी पेरायचा आणि सिनेमाही एकाच दिवशी पाहायचा, असा त्यांचा नेम.

परत आल्यावर भासरे ओट्यावर बसून सिनेमाची गोष्ट सांगत. आम्ही बाया आत कणीक मळता मळता ऐकत असू. गोष्ट मोठी रंगायची. गाव कोणतं, घोडा कोणता, नायकाच्या बापाच्या मिशा कशा, सगळं. मग एकाएकी म्हणायचे, "अन मंग शेवटी त्यायचं लगन झालं." मधला सिनेमा गायब! प्रत्येक वेळी. सुरुवात आहे, शेवट आहे, मधे उंदरानं कुरतडल्यासारखं भोक. मी त्यावरून अनुमान काढलं होतं, की हे पैसे देऊन टॉकीजमध्ये झोपायला जातात.

आता मी कोण, तर यवतमाळची मॅट्रिक. माहेरी बशीत ओतून नव्हे तर सरळ कपानं चहा पीत होते, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला त्या गावातली सगळ्यात पुढारलेली बाई समजत असे. त्या काळातली मी आज मला भेटली तर मी तिला दारातूनच वाटेला लावीन. तिच्या डोक्यात एकच किडा होता, घरात रंगीत टीव्ही आणि सीडीवर सिनेमा लावायचं ते यंत्र आणायचं. हे, म्हणजे माझे यजमान, तयार होते. पण थोरल्या भावाच्या होकाराशिवाय आमच्याकडे बैलाची वेसण बदलत नसे. तेव्हा वाद झाला. वाद कसला, मी स्वयंपाकघराच्या दाराआड, भासरे ओट्यावर आणि मधे उंबऱ्यावर जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको.

"बाई, म्हणा त्यायले," मी म्हटलं, "लोकं चंद्रावर गेले, अन आपण सिनेमासाठी एसटीत धक्के खाऊन राह्यलो."

जाऊबाईंनी मान ओट्याकडे वळवली. "लहानी म्हणते, लोकं चंद्रावर गेले."

"गेले तं जाऊ दे. तिथं टॉकीज हाय काय, विचार."

"तिथं टॉकीज हाय काय, इचारून राह्यले."

"ऐकलं मी! टॉकीजच्या खुर्च्यांत ढेकणं हायेत म्हणा."

"ढेकणं घरच्या बाजेत बी हायेत," ओट्यावरून परस्पर उत्तर आलं. "घरी पाह्यला तो सिनेमा नोहे. घरी उजेड असते."

हे काय उत्तर झालं? माझी मॅट्रिक उसळली. मी म्हटलं, "म्हणा त्यायले, तिकीट काढून झोपाचंच असन तं घरची बाज काय वाईट?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. मग ओट्याकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "लहानी म्हणते, चहा ठेवू काय?"

त्या दिवशी चहा झाला, वाद मिटला, आणि जाऊबाईंनी मला चुलीपाशी ओढून दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं. "झोपत नाईत वो ते. रडतेत."

"कायले?"

"कायले म्हणजे? रडाले जागा नको माणसाले?"

मग त्यांनी सांगितलं. शिट्टीवाल्या भाऊनं त्यांना सांगितलं होतं. सिनेमा निम्म्यावर आला, की भासरे दुपट्ट्यात तोंड खुपसून रडायचे. सिनेमा रडका असो की हसरा. हसऱ्यात जास्त, कारण सगळं थेटर खो खो करत असतं, ऐकू जात नाही. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. लाकडं, पाहुणे, पिंडाचा कावळा, तेरवीचं जेवण, सगळं त्यांनीच पाहिलं. आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं राळेगाव! गावानं तोंडात बोटं घातली होती. आई गेली अन हा सिनेमाले गेला. मीही घातली होती, दोन-दोन. "घरातला मोठा रडला की घराचा धीर सुटते, असं मामंजीनं त्यायले सांगतलं व्हतं," जाऊबाई म्हणाल्या. "तवापासून घरी रडत नाईत." घरी उजेड असतो, याचा अर्थ मला तेव्हा लागला. तरीही टीव्हीचा हट्ट मी सोडला नाही, हे माझ्या मॅट्रिकला शोभेलसंच झालं.

शेवटी भासऱ्यांनी हो म्हटलं आणि टीव्ही आला, तो कापसाच्या खोलीत. आमच्याकडे घराची पुढली खोली कापसासाठी. वेचणीच्या दिवसांत ती आढ्यापर्यंत भरायची, आणि घरात, ताटात, केसांत, सगळीकडे कापूसच कापूस. पण ती वर्षं वाईट आली. कधी लाल्या रोगानं पानं जळाली, कधी बोंडात अळी, कधी दुबार पेरून पावसानं तोंड फिरवलं. खोलीच्या एका कोपऱ्यात म्हातारीच्या अंबाड्याएवढा कापूस पडायचा आणि बाकी खोली रिकामी. रिकामी खोली डोळ्यांना खाते, म्हणून तिथे टीव्ही ठेवला. गावात सगळ्यांच्याच खोल्या अशा झाल्या होत्या. माणसं एकमेकांना "कापूस कसा हाय" विचारायची बंद झाली. भासरे त्या खोलीत पाऊल टाकत नसत. आम्ही बाया आत सिनेमा बघायचो, ते बाहेर ओट्यावर पाठ करून बसायचे. त्यांचं मन राळेगावच्या टॉकीजवरच. पण टॉकीजमध्ये आता हे दोघं आणि पंख्यातली चिमणी एवढेच प्रेक्षक उरले होते. कोणाजवळ मन होतं सिनेमा पाहायला? एक दिवस दोघं गेले तर टॉकीजला कुलूप. पुढे तिथं बियाण्याच्या थैल्या ठेवू लागले म्हणे.

आणि त्याच हिवाळ्यात शिट्टीवाले भाऊ गेले. कसे गेले, हे त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणी कोणाला विचारत नसे. वावरात गेले म्हटलं की ऐकणारा मान खाली घालायचा.

भासऱ्यांनी खांदा दिला. दोस्ताच्या पोरांना जवळ घेतलं. पोलिसांचे, तलाठ्याचे सोपस्कार त्यांनीच निस्तरले. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं आणि ओट्यावर बसले. बसले ते बसलेच. जेवायला वाढलं की ताट तसंच परत यायचं. भाकर मोडलेली असायची, खाल्लेली नसायची. एक दिवस सकाळी साबणानं आंघोळ केली, धोतर नेसले आणि एसटीनं गेले. संध्याकाळी आले. आठवड्यानं पुन्हा गेले. आमच्या यांनी मागोमाग जाऊन पाहिलं, तर बंद टॉकीजच्या फाटकासमोर उभे, हात मागे बांधून, लाइनीत असल्यासारखे. तासभर उभे राहिले आणि परतीच्या एसटीत बसले.

"असं वाळून मरन हा माणूस," जाऊबाई मला म्हणाल्या. "त्याच्या पोटात जे हाय ते भायेर पडाले पायजे. कुठं पाडंन?"

यांनी भावाला हाताला धरून एकदा टीव्हीपुढे बसवलं. त्याचा तमाशाच झाला. भासरे खोलीत आले म्हणून आम्ही दोघी बाहेर. पदर ओढून दाराच्या फटीतून बघतोय. ते पडद्याकडे बघायच्याऐवजी दाराकडे. दिव्याचं बटण बंद करून काय उपयोग, भर दुपारी दोन मोठ्या खिडक्या उघड्या, खोलीत उन्हाचा पूर, आणि दाराआड दोन बाया पायावर पाय देऊन उभ्या. थोड्या वेळानं उठले. "बायायले उभं राहा लागते माह्यामुळं," म्हणाले, आणि ओट्यावर गेले.

तेव्हा जे सुचलं ते मला सुचलं की जाऊबाईंना, यावर आम्ही पुढे म्हातारपणापर्यंत भांडलो. मी म्हणते मला. कोठीत कापूस भरायचे बोरे पडले होते. त्या वर्षी भरायला काही नव्हतं, घडी तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी भासरे वावरात गेल्यावर आम्ही खिळे आणि वरवंटा घेतला आणि दोन्ही खिडक्यांवर बोरे ठोकले, दुहेरी. झरोक्यात चिंध्या कोंबल्या. दारावर गोधडी टाकली. आत जाऊन पाहिलं, तर स्वतःचा हात दिसेना. जाऊबाईंचं डोकं खुंटीला लागलं आणि त्यांनी मला जी शिवी दिली ती छापता येणार नाही.

दुपारी त्या ओट्यापाशी जाऊन म्हणाल्या, "अवो, मॅटिनी लागली हाय."

"कुठं?"

"या तं खरं."

ते गोधडी बाजूला करून आत आले आणि थबकले. मग भिंत चाचपत चाचपत मागे जाऊन जमिनीवर बसले. आम्ही दोघी पुढे, त्यांच्याकडे पाठ करून, बसलेल्या! भासऱ्यांपुढे बसलेली मी माझ्या जन्मात पहिल्यांदा. यांनी सीडी घातली. सिनेमा हसरा होता, जाऊबाईंनी मुद्दाम तोच आणायला लावला होता. सुरुवातीला मी पदर घट्ट धरून बसले. मग पडद्यावर कोणी चिखलात पडलं, मला हसू आलं, पदर कधी खांद्यावर आला कळलं नाही. कोणी पाहत नव्हतं. मी मोठ्यानं हसले, जाऊबाई त्याहून मोठ्यानं.

सिनेमा निम्म्यावर आला आणि मागून आवाज सुरू झाला. आधी वाटलं, बैल खोकतो आहे. मग कळलं. मी वळणार, तोच जाऊबाईंनी माझं मनगट पकडलं आणि कानात म्हणाल्या, "पाहू नको. हास." त्या हसू लागल्या. सिनेमात तेव्हा काहीच हसण्यासारखं नव्हतं, कोणीतरी नुसतं जिना चढत होतं. मीही हसू लागले. हेही हसू लागले, त्यांना तर हसता येतं हेच मला नवीन होतं. आम्ही तिघं गळा फाडून हसत राहिलो, गालांवरून पाणी वाहत होतं, ते कशाचं हे अंधारात कोणी विचारलं नाही, आणि मागे तो एवढा मोठा माणूस आपल्या दोस्तासाठी हवं तेवढं रडला.

सिनेमा संपला. आम्ही पडद्याकडेच तोंड करून बसून राहिलो. मागे धोतर झटकल्याचा आवाज आला, गोधडी हलली. बाहेरून जाऊबाईंना हाक आली, "अवो, भाकर हाय काय थोडी?" आणि मग, जरा थांबून, "उद्या बी लावतान काय?"

लावली. त्या रिकाम्या खोलीत आमची मॅटिनी चालली ती बरेच दिवस, कापूस न पिकण्याचे सगळे दिवस. त्या अंधारात मी भासऱ्यांना एकदा सरळ विचारलंही होतं, "दिसून राह्यलं ना नीट?" आणि ते सरळ म्हणाले होते, "हो, दिसते." मधे कोणी नव्हतं. आमचं एवढंच बोलणं झालं आयुष्यात.

मग एक वर्ष चांगलं आलं. पाऊस वेळेवर, बोंडं टपोरी, वेचायला बाया पुरेनात. बोरे कमी पडले, तेव्हा यांनी पकडीनं खिळे काढून खिडक्यांवरचे बोरे उतरवले. उन्हाचा झोत आत आला. टीव्ही माजघरातल्या फळीवर गेला, खोली आढ्यापर्यंत पांढरीशुभ्र भरली. भासरे ओट्यावर, आम्ही दाराआड. सगळं जिथल्या तिथं. अंगणातून बाया ओरडत होत्या, "काय कापूस झाला वो तुमचा यंदा!" मी पदर पुढे ओढून हो हो म्हणत होते. एवढं पीक आलेलं पाहून कोणाच्या जिवाला हुरहूर लागते का? मला लागली होती.