‘नक्को’ची मालकी

“साब, ये लफ्ज तो मेरी अम्मी रोज बोलती थी. उनो भी तुम्हारी कंपनी में थे क्या?”

हैदराबादच्या बेगम बाजारातले दप्तरांचे व्यापारी हनीफभाई मला विचारत होते. त्यांच्या मांडीवर आमच्या कंपनीची नोटीस होती आणि मागे छतापर्यंत दप्तरं. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, ‘नक्को’. शाळा उघडायला पंधरा दिवस होते. ‘तुम्हाला त्यांची भाषा येते, समजावून या,’ म्हणून मला पाठवलेलं.

मी त्या कंपनीत सव्वीस वर्षं कॉमिक्स लिहिली. गौलीगुड्यात दोन खोल्यांत आमची सुरुवात. कंदीलराजा हा आमचा हिरो. कुणी लाच देऊ केली, धमकावलं, की तो बोट वर करून एकच शब्द म्हणायचा: नक्को. आपला ‘नको’च तो, इथल्या दख्खनीत जाऊन जरा दणकट झालेला. भाजीवालीपासून माझ्या आईपर्यंत सगळं शहर तो म्हणतं. मी तो फक्त फुग्यात भरला. फुगा म्हणजे चित्रातल्या माणसाच्या तोंडाशी काढतात तो, संवादाचा.

पुढे कॉमिक्स खपेनात. मालकांनी आधी कार्टून मालिका काढली, मग सिनेमा कंपनी थाटली. ऑफिस काचेचं झालं आणि कॉमिक्सचं डिपार्टमेंट एका कपाटात मावलं. कंदीलराजाला सगळे ‘आयपी’ म्हणू लागले. आयपी म्हणजे ज्याच्यावर मालकी सांगता येते ते सगळं. चेहरा, कंदील आणि तो शब्दसुद्धा.

हनीफभाईंनी वकील केला. तेव्हा लीगलच्या मॅडमनी मला बोलावलं. त्या पुण्याच्या.

“अ‍ॅफिडेव्हिट द्या. हा कॉइन्ड वर्ड आहे, तुम्ही कंपनीसाठी तयार केलात.”

कॉइन्ड वर्ड म्हणजे आधी नसलेला, घडवलेला शब्द. तसा असला की मालकी पक्की.

“मॅडम, तो अख्ख्या हैदराबादचा आहे.”

“हिरोच्या तोंडी पहिल्यांदा कुणी घातला?”

“मी.”

“मग झालं तर. आणि सर म्हणालेत, पिक्चरमध्ये तुमचं सिंगल कार्ड.”

सिंगल कार्ड म्हणजे पडद्यावर एकट्याचं नाव. सव्वीस वर्षांत कॉमिक्सवर माझं नाव एकदाही छापलं नव्हतं. मी सही केली. खोटं आहे हे कळत असताना केली, हेही सांगून टाकतो. हनीफभाईंनी माघार घेतली.

सिनेमा आला. ‘नक्को’ उत्तरेत कुणाला कळणार नाही, असं डिस्ट्रिब्युटरचं मत पडलं. कंदीलराजा पडद्यावर ‘नेव्हर’ म्हणतो. माझं नाव अगदी शेवटी, लोक चपला शोधत असताना, केटरिंगवाल्यांच्या खाली, ‘आभार’मध्ये. संताप आला. पण भांडायला तोंड कुठे होतं?

दोन पास घेऊन मी हनीफभाईंकडे गेलो. माफी मागायला म्हणा. शाळा केव्हाच सुरू झाल्या होत्या आणि दप्तरं तिथेच होती. ब्लेडने अक्षरं खरवडली होती, तरी वाचता येत होती. मी पास पुढे केले. त्यांनी बोट वर केलं, थेट कंदीलराजासारखं.

“नक्को, साब.” मग जरा थांबून म्हणाले, “अब इसकी भी नोटीस आती क्या?”

मी पास खिशात घातले आणि तारनाक्याची बस धरली. इतकी वर्षं मी तो शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालत होतो. स्वतः म्हणायची वेळ एकदाच आली, तेव्हा मी पेन उघडलं.